मायेची उशी

गेल्या वर्षीं आषाढांत माझ्या वडील बंधूंचा उजवा पाय गुडघ्याखालीं कापावा लागला. मधुमेह त्यांना वीस वर्षांपासून होता. या रोगांत पायांच्या नसांची जाणीव हळूहळू मंद होत जाते व रक्ताचा पुरवठाही कमी पडतो. त्यामुळें चपलेंत शिरलेला बारीक खडा दिवसभर टोंचत राहिला तरी मनुष्याला तो कळत नाहीं, आणि झालेली जखम लवकर भरून येत नाहीं. अण्णांचें असेंच झालें. करंगळीजवळची एक क्षुल्लक जखम चिघळली, काळवंडली, आणि शेवटीं जीव वाचवावयाचा तर पाय द्यावा लागेल असें डॉक्टरांनीं सांगितलें. अण्णांनीं तें शांतपणें ऐकून घेतलें. पस्तीस वर्षें शाळेंत गणित शिकविलेल्या माणसाच्या स्वभावास अनुसरून ते एवढेंच म्हणाले, "वजाबाकी केल्यावांचून उत्तर येत नसेल तर करा."

आमच्या घरगुती दुःखाची कहाणी सांगण्यासाठीं मी हें लिहीत नाहीं. अशा कहाण्या घरोघरीं आहेत. परंतु तीस वर्षें मी विद्यार्थ्यांना नीतिशास्त्र शिकवीत आलों आहें, आणि दयेविषयीं वर्गांत मी जें कांहीं बोललों त्यांतील पुष्कळसें मला एका उशीमुळें पुन्हां तपासून पाहावें लागलें. तो विचार वाचकांपुढें ठेवावा एवढाच माझा हेतु आहे.

शस्त्रक्रियेला तीन दिवस झाले होते. अण्णांना वेदना फार होत होत्या, आणि उरलेला पाय कोणत्याही बाजूस ठेवला तरी त्यांना चैन पडत नव्हतें. वहिनींनीं घरून कापसाची एक मऊ उशी आणली होती. मीं ती अलगद त्यांच्या गुडघ्याखालीं सारली. गुडघा वांकला, कळ थोडी ओसरली आणि अण्णांचा डोळा लागला. आपल्या हातून कांहीं तरी चांगलें घडलें असें समाधान मला त्या दिवसांत प्रथमच वाटलें. दुपारीं फिजिओथेरपीचें काम करणारी एक तरुण मुलगी आली. तिनें सर्वांत आधीं काय केलें असेल तर ती उशी काढून घेतली. अण्णा जागे होऊन कण्हूं लागले. मला राग आवरला नाहीं. "त्यांना दुखतें आहे हें तुम्हांला दिसत नाहीं का?" मीं विचारलें. ती म्हणाली, "दिसतें आहे, सर. पण ही उशी महिनाभर अशीच राहिली तर काकांना पुढें चालतां येणार नाहीं."

मग तिनें मला कारण समजावून सांगितलें. गुडघा वांकवून ठेवला कीं दुखणें कमी होतें, हें खरें. परंतु त्या स्थितींत मांडीच्या मागील बाजूचे स्नायू आंखडत जातात. कांहीं आठवड्यांत सांधा सरळ होईनासा होतो, आणि जो गुडघा सरळ होत नाहीं त्याच्याखालीं कितीही उत्तम कृत्रिम पाय बसविला तरी त्यावर नीट उभें राहतां येत नाहीं. ज्यांचा पाय मांडींतून कापलेला असतो त्यांना हाच धोका जांघेच्या सांध्यापाशीं असतो. म्हणून त्यांना रोज कांहीं वेळ पालथें निजावयास सांगतात. पाय कोठें कापावा हें शस्त्रवैद्य ठरवितो. पण मनुष्य पुन्हां चालणार कीं नाहीं, याचा बराचसा निकाल खाटेवरच्या या पहिल्या दिवसांत लागतो. आणि तो निकाल बिघडविण्यास दुष्टपणाची गरज लागत नाहीं. प्रेमानें ठेवलेली एक उशी पुरते.

त्या रात्रीं मीं स्वतःला विचारलें, ती उशी मीं कोणासाठीं ठेवली होती? अण्णांसाठीं, हें उत्तर तोंडांत येतें. पण तें अर्धेंच खरें आहे. अण्णांचें कण्हणें मला ऐकवत नव्हतें. उशी ठेवतांच तें थांबलें, आणि त्यांच्याबरोबर मीही सुटलों. अॅरिस्टॉटलनें वक्तृत्वशास्त्रावरील आपल्या ग्रंथांत दयेची व्याख्या करतांना ती एक प्रकारची वेदनाच आहे असें म्हटलें आहे. दुसऱ्यावर अकारण कोसळलेलें आणि आपल्यावरही येऊं शकेल असें अरिष्ट पाहून होणारी ती वेदना. ही व्याख्या मीं वर्गांत अनेकदां सांगितली होती, परंतु तिच्या पोटांत दडलेला धोका मला दिसला नव्हता. दया जर वेदना असेल, तर दयाळू मनुष्य स्वतःच्या वेदनेवर उपाय शोधूं लागण्याचा संभव आहे. आणि जो उपाय पाहणाऱ्याला लवकर बरें वाटावयास लावतो तोच भोगणाऱ्याच्या हिताचा असेल असें मुळींच नाहीं.

बौद्ध आचार्यांनीं हा धोका फार पूर्वीं ओळखला होता. बुद्धघोषानें 'विसुद्धिमग्ग' या ग्रंथांत (आपल्या धर्मानंद कोसंबींनीं त्याचें संपादन केलें आहे) करुणेचे दोन शत्रु सांगितले आहेत. दूरचा शत्रु म्हणजे क्रौर्य. तो उघड आहे, त्याला ओळखण्यास पांडित्य लागत नाहीं. जवळचा शत्रु म्हणजे शोक. तो करुणेसारखाच दिसतो, तिच्याच दारांतून आंत येतो आणि तिची जागा बळकावून बसतो. रुग्णाच्या खाटेभोंवतीं आपण जें बोलतों व करतों त्यांत करुणा किती आणि शोक किती, याचा हिशेब प्रामाणिकपणें मांडला तर आपल्यापैकीं पुष्कळांना मान खालीं घालावी लागेल.

माझ्याच हिशेबांतील आणखी एक रक्कम सांगतों. पाय गेल्यावर आठवड्याभरानें अण्णांना त्या नसलेल्या पायाच्या करंगळींत कळा येऊं लागल्या. मी त्यांचा हात धरून म्हणालों, "अण्णा, तो भास आहे. तेथें आतां कांहीं नाहीं." मला वाटलें, मीं धीर दिला. ते भिंतीकडे तोंड करून निजले. वस्तुतः हा अनुभव वैद्यकाला नवा नाहीं. फ्रेंच शस्त्रवैद्य आंब्रवाझ पारे यानें सोळाव्या शतकांत त्याचें वर्णन करून ठेविलें आहे. अमेरिकेंतील यादवी युद्धांत जखमी सैनिकांवर उपचार केलेल्या सायलस वीअर मिचेल यानें १८७१ मध्यें या नसलेल्या अवयवाला भुताची उपमा देऊन जें नांव दिलें तेंच इंग्रजींत रूढ झालें. अवयव नसला तरी वेदना खरी असते. ती तुटलेल्या नसांत, पाठीच्या कण्यांत आणि मेंदूंत असते. त्या मुलीनें "भास" हा शब्द एकदांही उच्चारला नाहीं. कळ केव्हां येते, किती वेळ टिकते, रात्रीं वाढते कीं दिवसा, हें तिनें विचारलें; उरलेल्या पायावर हलकेंच थोपटावयास व निरनिराळ्या पोतांच्या कापडानें चोळावयास शिकविलें; आणि औषधाविषयीं डॉक्टरांशीं ती बोलली. अण्णा मला मागाहून म्हणाले, "तूं मला पटवून देत होतास. तिनें मला विचारलें."

येथें कोणी म्हणेल कीं, मग कठोरपणा हाच सद्गुण ठरतो. तसें नाहीं. कठोरपणाचाही एक सुखासीन प्रकार आहे, आणि तोही मीं करून पाहिला. मीं अण्णांना थोरांच्या कथा सांगावयास आरंभ केला. १९७१ च्या युद्धांत मेजर इयान कार्डोझो यांचा पाय भूसुरुंगावर पडला, औषधपाणी मिळेना, तेव्हां त्यांनीं स्वतःच्या कुकरीनें तो निकामी पाय तोडून टाकला, आणि पुढें कृत्रिम पायावर सैन्यांतील कसोट्या उतरून पलटणीचें नेतृत्व मिळविलें. मुंबईच्या नर्तकी सुधा चंद्रन यांनीं १९८१ मध्यें अपघातानंतर पाय गमावला आणि १९८४ मध्यें जयपूर पाय लावून त्या पुन्हां रंगमंचावर नाचल्या. या गोष्टी खऱ्या आहेत व आदरास पात्र आहेत. अण्णांनीं त्या ऐकून घेतल्या, चष्मा पुसला आणि म्हणाले, "ते सैनिक होते आणि त्या बाई तरुण होत्या. मी अडुसष्ट वर्षांचा आहें. मला लढावयाचें नाहीं आणि नाचावयाचें नाहीं. मला रात्रीं कोणाला न उठवतां संडासाला जावयाचें आहे. त्याची एखादी गोष्ट तुला ठाऊक आहे का?"

ती मला ठाऊक नव्हती. उशी ठेवणारा मी आणि वीरकथा सांगणारा मी, हे दोघे दिसावयास विरुद्ध. पण दोघांचा दोष एकच होता. या मनुष्याला काय हवें आहे, हें दोघांपैकीं एकानेंही विचारलें नव्हतें.

हा प्रश्न विचारल्यानें काय होऊं शकतें, याचें उत्तम उदाहरण आपल्याच देशांत आहे. पाश्चात्य धर्तीचा कृत्रिम पाय हा बुटांत घालून खुर्चीवर बसणाऱ्या माणसासाठीं घडविलेला असे. आपला शेतकरी अनवाणी चालतो, चिखलांत उतरतो, जमिनीवर मांडी घालून जेवतो, आणि उकिडवा बसल्यावांचून त्याचे नित्याचे विधि होत नाहींत. जयपूरच्या सवाई मानसिंग रुग्णालयांतील अस्थिशल्यवैद्य डॉ. प्रमोद करण सेठी यांना असें दिसून आलें कीं, मोठ्या खटपटीनें दिलेले पाय टाकून देऊन लोक पुन्हां कुबड्यांकडे वळत. दोष रुग्णाच्या आळसाचा आहे असें म्हणून मोकळें होणें सोपें होतें. परंतु ते आणि पंडित रामचंद्र शर्मा हे फारसें शालेय शिक्षण नसलेले पण हाताचे अत्यंत कुशल असे कारागीर, या दोघांनीं मिळून १९६८ च्या सुमारास रबर, लाकूड व स्पंज यांचें असें पाऊल तयार केलें कीं जें मनुष्याच्या पावलासारखें दिसतें, सर्व बाजूंनीं लवतें, पाण्यांत भिजलें तरी चालतें आणि ज्यावर उकिडवें बसतां येतें. १९८१ मध्यें सेठींना मॅगसेसे पारितोषिक मिळालें. या कार्यांत विज्ञान आहे, कौशल्य आहे. परंतु मला त्याच्या मुळाशीं एक नैतिक गोष्ट दिसते. कारागिरानें रुग्णाकडे पाहून डोळे पुसले नाहींत. तो कसा बसतो हें पाहिलें.

ऋग्वेदाच्या पहिल्या मंडलांतील ११६ व्या सूक्तांत विश्पलेचा उल्लेख आहे. युद्धांत तिचा पाय तुटला असतां अश्विनीकुमारांनीं तिला तत्काळ लोखंडी पाय बसविला. विश्पला ही स्त्री कीं घोडी याविषयीं विद्वानांत मतभेद आहे. तो वाद येथें नको. मला त्यांतील एकच गोष्ट घ्यावयाची आहे. देवांच्या त्या वैद्यांनीं तिला पाय दिला तो तिला पुढें जावयाचें होतें म्हणून. आपल्या पुण्यांतही सैन्याचें कृत्रिम अवयव केंद्र १९४४ मध्यें, दुसऱ्या महायुद्धांतील जखमी सैनिकांसाठीं, निघालें तें याच हेतूनें.

अण्णांची जखम भरून आल्यावर उरलेल्या पायाला योग्य आकार यावा म्हणून रोज पट्टी बांधावी लागे. खालीं घट्ट आणि वर चढत जातां सैल, इंग्रजी आठच्या आंकड्याप्रमाणें तिरपे वेढे घेत. वहिनी तें काम माझ्यापेक्षां लवकर शिकल्या. मग साचा घेऊन, ज्यांत उरलेला पाय बसतो तें सॉकेट तयार झालें, आणि एके दिवशीं अण्णा दोन समांतर दांड्यांच्या मध्यें उभे राहिले. तोंपर्यंत माझी समजूत अशी होती कीं, कृत्रिम पाय लावला म्हणजे मनुष्य चालूं लागतो. तसें होत नाहीं. गुडघ्याखालीं पाय कापलेल्या माणसास सपाट जमिनीवर चालण्यासही साधारणपणें पूर्वींच्या सव्वापट शक्ति खर्चावी लागते. मांडींतून कापला असेल तर दीडपटीहून अधिक. आणि शक्तीपेक्षांही दुर्मिळ असा एक गुण लागतो, तो म्हणजे विश्वास. अण्णा सर्व भार डाव्या पायावर आणि दोन्ही हातांवर घेत, नव्या पायाला नुसता जमिनीचा स्पर्श करीत, आणि डोळे खालीं लावून त्याच्याकडे परक्या माणसाकडे पाहावें तसे पाहत. "काका, भार द्या," ती मुलगी म्हणे. "खालीं पाहूं नका. तो आहे तेथेंच आहे. भार दिल्याशिवाय तो तुमचा होणार नाहीं."

या वाक्यावर मीं पुष्कळ विचार केला आहे. आपण स्वावलंबनाची स्तुति करतों तेव्हां कोणाचाच आधार न घेणें असा त्याचा अर्थ करतों. परंतु असा मनुष्य पृथ्वीवर नाहीं. जमीन आपला भार घेते म्हणून आपण उभे राहतों. भाषा, घर, शेजार यांपैकीं एकही गोष्ट आपण जन्मतांना बरोबर आणलेली नसते. जें परकें होतें त्यावर वर्षानुवर्षें भार टाकून टाकून आपण तें आपलें केलेलें असतें. स्वावलंबन म्हणजे आधाराचा अभाव नव्हे; योग्य आधारावर योग्य तितका भार टाकण्याचें तें शिक्षण आहे. अण्णा तें अडुसष्टाव्या वर्षीं उघड्यावर, लोकांच्या देखत शिकत होते. आपण तें बालपणीं शिकलों आणि विसरून गेलों, एवढाच फरक.

आणि आधार देणाऱ्यानें काय करावें? तेंही मीं त्याच खोलींत पाहिलें. ती मुलगी अण्णांच्या कमरेला एक रुंद पट्टा बांधी, त्यांच्या मागें किंचित् एका बाजूस उभी राही, आणि पट्टा नुसता हातांत धरून ठेवी. तोल गेला तर ती सांवरी. एरवीं ओढीत नसे, उचलीत नसे. मी मात्र दोन्ही हात पसरून समोर उभा राहत असें. तिनें मला दोन पावलें मागें सरावयास सांगितलें. "तुम्ही इतके जवळ असलांत तर ते पायावर भार देणार नाहींत; तुमच्यावर देतील." पडूं न देण्याइतकें जवळ आणि उभें राहूं देण्याइतकें दूर, हें अंतर कोणत्याही ग्रंथांत मोजून दिलेलें नाहीं. तें रोज बदलतें, आणि रोज नव्यानें पाहावें लागतें. दयेला भावना लागते हें मी विद्यार्थ्यांना सांगत असें. तिला नजर लागते हें सांगावयाचें राहून गेलें होतें.

या नजरेची परीक्षा घरापुरती संपत नाहीं. पूर्वीं अण्णा दर गुरुवारीं आमच्या महाविद्यालयाच्या ग्रंथालयांत येत असत. तेथें दाराशीं सात दगडी पायऱ्या आहेत, आणि त्यांना कठडा नाहीं. तीस वर्षें मी त्या चढत आलों. कठडा नाहीं हें मला गेल्या वर्षीं प्रथम दिसलें. मीं लगेच अण्णांना सुचविलें कीं, हवीं तीं पुस्तकें मी घरीं आणून देत जाईन. ते हंसले आणि म्हणाले, "ही पुन्हां उशीच झाली कीं रे." तें खरें होतें. पुस्तकें घरीं आणून देणें मला सोपें होतें. कठड्यासाठीं अर्ज करणें, त्याचा पाठपुरावा करणें, बैठकींत कंटाळलेल्या चेहऱ्यांपुढें तोच विषय पुन्हां काढणें हें अवघड होतें. अपंग व्यक्तींच्या हक्कांचा कायदा २०१६ मध्यें झाला आहे; सार्वजनिक इमारतींत त्यांना येतां जातां आलें पाहिजे असें तो सांगतो. परंतु कायद्यालाही पाय लागतात, आणि ते आपल्यासारख्यांनीं द्यावयाचे असतात. कठडा नसलेल्या पायऱ्या चढून जाणाऱ्या सुशिक्षित माणसानें अपंगांविषयीं कळवळा व्यक्त करावा, यांत पूर्वींच्या माझ्या समाधानापेक्षां अधिक कांहीं नाहीं. माझा अर्ज अद्याप विचाराधीन आहे. मी त्याची आठवण करून देत असतों.

अण्णा आतां काठी घेऊन गल्लीच्या टोंकापर्यंत जातात. रात्रीं कोणाला न उठवतां संडासाला जातात, हें त्यांनीं मला एके सकाळीं चहा पितांना मुद्दाम सांगितलें. एखादा विद्यार्थी पहिला आला हें सांगतांना त्यांचा जो आवाज होत असे तोच आवाज होता. उरलेला पाय अजून आकारानें कमी होत आहे, म्हणून दुपारीं सॉकेटच्या आंत आणखी एक मोजा चढवावा लागतो. रोज रात्रीं हातांत आरसा धरून ते त्या पायाची कातडी कोठें लाल झाली आहे का पाहतात, आणि डावें पाऊल तर त्याहूनही बारकाईनें पाहतात. मधुमेही माणसाचा एक पाय गेला कीं दुसऱ्याला अधिक जपावें लागतें. कांहीं दिवशीं सूज असते. त्या दिवशीं ते म्हणतात, "आज पाय नको," आणि खुर्चींत बसून राहतात. पूर्वीं मीं त्यांना उत्साहाचे दोन शब्द सांगितले असते. आतां मी शेजारीं बसून वर्तमानपत्र वाचतों.

उशी घरांतच आहे. वाचतांना ते ती पाठीशीं घेतात.